राजधानीत तुम्ही, गावात मी

११ जानेवारी
मुलाच्या आईकडून मुलीच्या आईला

विहीणबाई, नमस्कार.

फोनवर आपलं तीनदा बोलणं झालं आणि तिन्ही वेळा तुमच्या दुकानात गिऱ्हाईक आलं. तुम्ही 'हो हो, चालेल' म्हणून फोन ठेवता, मला वाटतं ठरलं, आणि प्रत्यक्षात काहीच ठरलेलं नसतं. म्हणून लिहून पाठवते.

मुलांनी गेल्या वर्षी काढून दिलेला आपला व्हिसा जूनअखेर संपतो. तो वाया घालवायचा नाही. मुलं कामात आहेत, आपल्याला फिरवायला त्यांना वेळ नाही, असं दोघांनीही कळवलं आहे. हरकत नाही. मी जन्मभर पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासले, तुम्ही भर बाजारात पडद्यांचं दुकान चालवता. आपल्याला हात धरून रस्ता ओलांडून देणाऱ्याची गरज नाही.

मे महिन्यात निघू. आधी राजधानी, मग बंदराचं शहर, मग संग्रहालयांचं शहर, शेवटी पुन्हा राजधानी आणि विमान. जगभरचे लोक जे पाहायला जातात ते आधी पाहावं, उरलेलं नंतर.

एक गोष्ट आताच स्पष्ट करते. राजधानीत मुलांच्या घरी उतरायचं नाही. जागा लहान आहे आणि नव्या संसारात दोन-दोन आया एकदम नकोत. हॉटेलात राहू. मुलं सवड मिळेल तशी भेटून जातील.

आपली प्रकृती कशी आहे? खरं कळवावं. जिने चढवतात का? मीठ कमी केलं आहे का?

आपली,
जावईबापूंची आई


२० जानेवारी
मुलीच्या आईकडून मुलाच्या आईला

विहीणबाईंना वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे तो मनातल्या मनात घातलाय, गोड मानून घ्या.)

तुमचं पत्र आमच्या शिलाईवाल्या बाईला वाचून दाखवलं. म्हणाली, "ताई, ही सहल आहे की कोर्टाची नोटीस?" मी तिला गप्प केलं, पण हसू काही आवरेना.

घरी उतरायचं नाही हे अगदी पटलं. तुम्ही म्हणाला नसतात तर मीच म्हणणार होते. हॉटेलच बरं.

पण तीन-तीन मोठी शहरं? मोठी शहरं सगळी सारखीच हो! माना वर करकरून बघायचं, पाय मोडून घ्यायचे आणि रांगेत उभं राहून पुढच्याची पाठ बघायची. मला एखादं शांत गाव हवं. एक मी हेरूनही ठेवलंय. राजधानीपासून आगगाडीने अर्ध्या दिवसावर. नदी आहे, पूल आहे, जुनी कापडगिरणी आहे, म्हणजे माझ्या धंद्याचंही काही बघणं होईल. तिथे आठवडाभर निवांत राहू. तुम्हाला कंटाळा आला तर तुम्ही खुशाल शहरं बघून या, मी तिथेच बसेन.

मीठ? मी कशाला मीठ कमी करू? तुमचं सांगा. गोळ्या वेळेवर घेता ना? दगदग करू नका. आणि रागावणं तर अजिबात नको.

तुमची,
सूनबाईची आई


२४ जानेवारी
आईकडून मुलाला

चिरंजीव,

फोन केला की तू दोन मिनिटांत 'ठेवतो' म्हणतोस, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

सूनबाई ऑगस्टपासून घरात नाही, दुसऱ्या गावी नोकरी धरून गेली, हे तू मला डिसेंबरात सांगितलंस. कुठे ते सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. का, याचं उत्तर 'आमचं जमलं नाही' एवढंच. वर बजावलंस की तिच्या आईला कळू देऊ नकोस, त्यांना ब्लडप्रेशर आहे, तीच सावकाश सांगेल. मी शब्द पाळते आहे. त्यापायी मला या वयात 'मुलं' आणि 'मुलांचं घर' असं खोटं लिहावं लागतं, हे तुला कळावं.

त्या बाई मोठ्या हौसेने दारात उभ्या राहिल्या आणि आत मुलगीच नाही, असा प्रसंग मी येऊ देणार नाही. त्यांना हॉटेलात ठेवीन. एका दुपारी दुकानांत सोडीन आणि मी एकटी तुझ्याकडे येईन. त्यांना कुठलंसं गाव पाहायचं आहे. ते टाळायला हवं, नाहीतर तुझ्यासाठी दिवस उरणार नाहीत.

मला शहरं बघायची हौस नाही. मला तुला बघायचं आहे. विचारलं की तू 'ठीक आहे' म्हणतोस. नमुना बाटलीत हातात आल्याशिवाय मी कधी कुठल्या विहिरीला ठीक म्हटलेलं नाही.

आई


३ फेब्रुवारी
आईकडून मुलीला

छबे,

मोबाइलवर टिचक्या मारून माझं बोट दुखतं, म्हणून हे पत्र.

तुझ्या सासूबाईंनी सहलीचा हुकूम काढलाय. 'एक गोष्ट आताच स्पष्ट करते' असं लिहिलंय. दुकानात उभ्या उभ्या वाचत होते, तर आपोआप ताठ झाले! तू म्हणालीस त्यांना बीपी आहे, तू काही बोलू नकोस, तोच त्यांना सांगेल. बरं बाई, नाही बोलत. बिचारी अजून 'मुलांचं घर' म्हणून लिहिते, मला वाचवत नाही.

पण त्यांना तुझं गाव नकोय आणि मला तेवढंच हवंय. मी गुडघा पुढे केलाय. तिथे पोचले की तो असा काही दुखायला लागेल की त्या कंटाळून पुढे जातील आणि मी तुझ्याकडे येईन.

तू मजेत आहेस म्हणतेस. अगं, बारावीला गणितात उडालीस तेव्हाही आठवडाभर मजेतच होतीस. मला एकदा तुझं तोंड बघू दे, मग मी मानेन.

आई


१५ फेब्रुवारी
मुलाच्या आईकडून मुलीच्या आईला

विहीणबाई, नमस्कार.

तुमच्या गावाची माहिती काढली. एक नदी आहे. एक पूल आहे, तो त्याच नदीवर आहे. एक गिरणी आहे, ती बंद आहे. आठवडाभर तिथे काय करायचं? पुलाच्या या टोकाला तुम्ही आणि त्या टोकाला मी उभं राहून एकमेकींना हात करायचे?

तुम्हाला शांतच हवं असेल तर मधला मार्ग सुचवते. बंदराच्या शहराच्या वाटेवर एक छोटं गाव आहे, वर किल्ला, खाली तळं. तिथे दोन रात्री राहू. त्याहून जास्त शांतता कोणाला लागत नाही.

राजधानीत एक दुपार तुम्ही खरेदीला ठेवा. मला तेव्हा एका जुन्या सहकाऱ्यांना भेटायचं आहे. एकटीनेच जाईन, तुम्ही उगाच ओढाताण करून घेऊ नका.

रोज थोडं चालता का?

आपली,
जावईबापूंची आई


२६ फेब्रुवारी
मुलीच्या आईकडून मुलाच्या आईला

विहीणबाई,

तुमचा किल्ला तुम्हालाच लखलाभ. किल्ला म्हटला की पायऱ्या आल्या, आणि पायऱ्या चढून वर काय, तर खालचं तळं दिसतं. ते मी खालूनच बघितलेलं काय वाईट?

माझ्या गावाला नावं ठेवू नका. गिरणी बंद असली तरी तिचं कापडाचं दुकान चालू आहे. मागच्या गल्लीत पोहण्याचा बंदिस्त तलाव आहे, कोमट पाण्याचा. मंगळवारी दुपारी तो फक्त म्हाताऱ्या बायकांसाठी असतो. गुडघ्यांना इतका आराम पडतो म्हणे की बायका काठ्या तिथेच विसरून घरी जातात. शिकवणारीही बाईच आहे, फार मायाळू, कुणाला पाण्यात ढकलत नाही. आता असं तुमच्या संग्रहालयात कोण करेल माझ्या गुडघ्यासाठी? मी सांगते, मला त्या गावाला न्या आणि बाकी तुम्ही म्हणाल तिथे मी मुकाट येते. हवं तर किल्ल्यावरसुद्धा.

तुमच्या सहकाऱ्यांना जरूर भेटा. मला दुकानांत सोडलंत की माझी काळजी नको.

तुमची,
सूनबाईची आई


६ मार्च
मुलाच्या आईकडून मुलीच्या आईला

विहीणबाई,

माझ्याकडे तुमच्या गावाची माहितीपत्रकं आहेत. त्यांत तलावाला जेमतेम एक ओळ दिली आहे. मंगळवार त्यात नाही. म्हाताऱ्या बायका नाहीत, काठ्या नाहीत. शिकवणारी कोणाला ढकलत नाही, हे तर मुळीच नाही.

सूनबाई कॉलेजात असताना पोहण्याच्या स्पर्धा जिंकायची, हे मला ठाऊक आहे. आम्ही लग्न ठरवायला आलो तेव्हा तुम्हीच कपाट उघडून ढाली दाखवल्या होत्या.

तेव्हा सरळ विचारते. ती तिथे आहे का? आणि ती घर सोडून गेली आहे हे तुम्हाला माहीत आहे का?

मला डिसेंबरपासून माहीत आहे. ती गेली, एवढंच. कुठे ते नाही. तुम्हाला ब्लडप्रेशर आहे म्हणून सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. हे वाचून त्रास झाला तर आडव्या पडा आणि शिलाईवाल्या बाईंना हाक मारा. पण उत्तर लिहा.

आपली


११ मार्च
मुलीच्या आईकडून मुलाच्या आईला

विहीणबाई,

आडवी पडले होते खरी, पण हसून. अहो, मला कुठलं ब्लडप्रेशर? ते तुम्हाला आहे ना! मला तसंच सांगितलं होतं. तुम्हाला धक्का सोसायचा नाही, जावईबापूच सांगतील. म्हणून मी आपली तुमच्या गोळ्यांची चौकशी करतेय आणि तुम्ही माझ्या मिठाची! दोन पोरांनी मिळून दोन धडधाकट बायकांना आजारी पाडलं.

एवढं काल लिहिलं होतं. आज हसू येत नाही.

मला सप्टेंबरपासून माहीत होतं. ती त्या तलावावर नोकरी करते. तुमचं पत्र आलं की मी मनात म्हणायची, बिचारी, हिला काही माहीत नाही. आता कळलं, तुम्हीही तिकडे बसून मला बिचारी म्हणत होतात. ते लागलं मला. मग मनात आलं, जावईबापूंनी तुम्हाला तिच्याबद्दल काय काय सांगितलं असेल? तुम्ही तिला काय म्हणत असाल? मीही त्यांना मनातल्या मनात काही कमी बोललेली नाही.

उद्या या दोघांच्या घटस्फोटाच्या कागदावर सह्या झाल्या तर तुम्ही माझ्या कोण लागाल? विहीण तर नाही. मग कोण म्हणून मी तुमच्या शेजारी विमानात बसू? तोंड शिवून बसावं लागेल, नाहीतर भांडण होईल. मला नाही जमायचं हे. मी तिकीट काढत नाही. तुम्ही जाऊन या आणि आपल्या मुलाला भेटा.

माझी मुलगी मजेत आहे म्हणते. असेल मजेत.

तुमची, काय लिहू?


४ एप्रिल
मुलाच्या आईकडून मुलीच्या आईला

विहीणबाई,

उत्तराला उशीर केला, कारण विचार करत होते. आधी काही दिवस रागावले होते. तो राग संपल्यावर लिहायला बसले.

कोण म्हणून शेजारी बसायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण विमानात शेजारी कोणी ना कोणी बसतंच. अनोळखी माणसापेक्षा तुम्ही बऱ्या.

माझा मुलगा सूनबाईबद्दल काय बोलला, ते सांगते. काहीही नाही. वाईट नाही, चांगलं नाही, एक अक्षर नाही. मला त्याचीच काळजी आहे.

आता नीट वाचा. मी येणार म्हटल्यावर तो आदल्या दिवशी घर झाडेल, दाढी करेल, दूध-भाजी आणून ठेवेल, आणि मला सगळं ठीक दिसेल. तुमची मुलगीही तुमच्यासमोर मजेतच असेल. आईपुढे मुलं नीटनेटकी होऊन उभी राहतात. आमच्या खात्यात नमुना घ्यायला कधी जाणार हे आधी कळवायची पद्धत नव्हती, आणि ती योग्यच होती.

म्हणून राजधानीत तुम्ही, गावात मी. माझ्या मुलाला तुम्ही बघा, तुमच्या मुलीला मी बघते. दोघांनाही आधी कळवायचं नाही. समजूत घालायची नाही, उपदेश करायचा नाही, कोणाची बाजू घ्यायची नाही. दिसेल ते जसंच्या तसं एकमेकींना लिहायचं. गोड करायचं नाही. मग संग्रहालयांच्या शहरात भेटू. तिथे दोघांपैकी कोणीच राहत नाही.

तुम्ही माझ्या मुलावर मनातून रागावलेल्या आहात, म्हणूनच तुमच्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे. कबूल असेल तर एका ओळीत कळवा.

आपली


९ एप्रिल
मुलीच्या आईकडून मुलाच्या आईला

कबूल. पण गुडघा खरंच दुखतो हो, मला पाय पसरायला कडेची जागा द्या.


१७ मे
मुलीच्या आईकडून मुलाच्या आईला, राजधानीतून

विहीणबाई,

तुम्हाला सकाळी गाडीत बसवून दिलं आणि लगेच निघाले, नाहीतर माझा धीर सुटला असता. हॉटेलातली मुलगी हे पत्र आज टाकते, उद्या तुम्हाला मिळेल म्हणाली. फोनवर मला हे बोलता येणार नाही.

जावईबापूंनी दार उघडलं, तर मी त्यांना ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, अंगातला शर्ट उलटा. "आई, तुम्ही?" म्हणाले आणि दारातच उभे राहिले. मी म्हटलं, "खिडक्या बघायला आले." दुसरं काही सुचलंच नाही हो.

खिडक्या बघितल्या. दोन खिडक्यांवर चादरी खिळे मारून ठोकल्यात, बाकीच्या उघड्या. विचारलं, पडदे तिने नेले का? नाही म्हणाले. ती गेली त्या आठवड्यात धुवायला काढले होते, ते पुन्हा लावलेच नाहीत. कपाटात घड्या पडल्यात. काढून बघितले तर आटलेले, वीतभर तोकडे. मग मी पर्समधली टेप काढली आणि एक टोक त्यांच्या हातात दिलं. दुकानात मी हे पुष्कळ पाहिलंय. टेपचं टोक धरून भिंतीकडे तोंड करून उभा केला की माणूस बोलतो. समोर बसवून विचारलं की बोलत नाही.

म्हणाले, "आई, भांडण झालंच नाही कधी. ती बोलायची, मी ठीक आहे म्हणायचो. ती रडली तरी ठीक आहे. एक दिवस म्हणाली, मी जाते. तेव्हाही मी ठीक आहे म्हणालो." एवढं बोलले आणि टेप काही सोडेनात. मी पण तशीच उभी राहिले.

नोकरी आहे, घरून करतात. जेवण ओट्याशी उभ्यानेच. जेवणाच्या टेबलावर तिच्या नावाने टपालाने आलेली पाकिटं रचून ठेवलीत, रोज पुसतात वाटतं, धूळ नव्हती. बाकी घरभर होती. मी त्यांच्यावर रागावून गेले होते, पण राग ठेवायला जागाच सापडली नाही.

निघताना एकच विचारलं. "ती परत येईल का?" मी म्हटलं, मला माहीत नाही, मी अजून तिला पाहिलेलं नाही. आता तुम्ही पाहताय. मी काय सांगू?

ठरल्याप्रमाणे गोड केलेलं नाही. उद्या पुन्हा जाते. कापड आणायचंय.

तुमची


१९ मे
मुलाच्या आईकडून मुलीच्या आईला, गावातून

विहीणबाई,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तुम्ही जसं दिसलं तसं लिहिलंत, आता माझी पाळी.

तलावावर तिकीट काढून आत गेले आणि मागच्या बाकावर बसले. म्हाताऱ्यांचा वर्ग चालू होता. तिने मला तास संपेपर्यंत पाहिलं नाही, त्यामुळे मला तासभर तिला बघता आलं. एक आजी पाण्याला भीत होत्या. तुमची मुलगी त्यांना हातांच्या तळव्यांवर तरंगवत, स्वतः उलटी चालत टोकापर्यंत घेऊन गेली. सारखी काहीतरी सांगत होती आणि आजी इतक्या हसत होत्या की त्यांच्या नाकातोंडात पाणी जायचं. तीही हसत होती. लग्नानंतर ती माझ्यासमोर अशी हसलेली मला आठवत नाही.

मला पाहिल्यावर पांढरी पडली. पहिला प्रश्न, "आई, त्याला काही झालं का?" नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न तिने विचारला नाही. मी थांबून पाहिलं, पण विचारला नाही.

खोली वरच्या मजल्यावर आहे, उजेडाची. खुर्च्या दोनच, पण दुसरी रिकामी नसते. शेजारीण न विचारता आत येऊन बसते आणि आपल्या नवऱ्याची नक्कल करते. मुलीची तब्येत सुधारली आहे, गाल भरले आहेत. डोळे लाल होते. तलावाच्या पाण्यात क्लोरीन जास्त आहे, मी तपासून पाहिलं आणि तिथल्या माणसाला सांगितलं. रडण्याने झालेले नाहीत, याची खात्री बाळगा.

ती मजेत आहे. तुमच्याशी खोटं बोलत नव्हती.

ती परत जाणार नाही. मी विचारलं नव्हतं. भांडी विसळताना तिनेच सांगितलं. "आई, तो वाईट नाही. पण तिथे मी बोलायचे ते कुणाला ऐकू जायचं नाही. इथे पाण्यातसुद्धा ऐकू जातं." हे वाक्य मला अजिबात आवडलं नाही. तिने जसं म्हटलं तसं लिहिलं आहे. मी तिला काही म्हणाले नाही, कारण आपलं तसं ठरलं होतं. नसतं ठरलं तरी म्हणाले नसते.

आता तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर. त्याला सांगा, नाही. ती येणार नाही. हे मी फोनवर सांगू शकते, पण मी सांगितलं तर तो ठीक आहे म्हणेल आणि फोन ठेवेल. तुम्ही सांगा. कापड मोजताना सांगा, भिंतीकडे तोंड असताना. सांगितल्यावर लगेच निघू नका. हॉटेल सोडा आणि त्याच्याकडेच राहा. तो नको म्हणेल, ऐकू नका.

तुम्ही सोमवारी इकडे या. मुलीला सांगून ठेवलं आहे. रागावली नाही, तुमच्यासाठी तलावाचा पास काढते म्हणाली.

संग्रहालयांचं शहर मी रद्द केलं आहे. उद्या दुपारच्या गाडीने राजधानीला येते. तुम्ही स्टेशनवर घ्यायला येऊ नका. त्याच्याजवळ थांबा, मी पत्ता विचारत येईन.

तुमची विहीण